लाल अक्षरांवर पांढरा हात

पेंटरला खोटं बोलायचं असलं की आधी घसा खाकरावा लागायचा. त्यामुळे त्याचं खोटं जन्मात कधी खपलं नाही. दुकान चालू होतं तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, "झाला का बोर्ड?" पेंटर नुसता खाकरायचा, आणि गिऱ्हाईक काय समजायचं ते समजून "उद्या येतो" म्हणत पायरी उतरायचं. असल्या माणसावर उतारवयात घर विकायची पाळी आली. आता घर विकायचं म्हणजे काय, अर्धं खाकरणंच की!

तसा माणूस साधा. गल्लीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. दवाखाना, लाँड्री, सायकल दुरुस्ती, 'येथे वाहने लावू नयेत', सगळं त्याचंच. अक्षर असं की लोक दुकानात काही घ्यायचं नसलं तरी पाटी वाचायला थांबायचे. त्याला त्याच्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. लहानथोर सगळ्यांना तो पेंटरच. त्याच्या बायकोलाही.

आणि बायको म्हणजे बाई. शाळेत अगदी लहानांच्या वर्गाला शिकवायच्या, म्हणून अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणायची. नवराही तेच म्हणायचा, आणि वर अहो-जाहो करायचा. दोघांची गाठ पडली तीच शाळेच्या भिंतीपाशी. पेंटर भिंतीवर मोठाली अक्षरं काढत होता आणि मधल्या सुट्टीत बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अक्षर सुरेख आहे, पण भरलंय घाईत. कडेला पांढरं राहिलंय बघा." पेंटरचं डोकं सटकलं. शिडीवरूनच त्याने ब्रश खाली धरला. "मग भरा तुम्ही!" बाईंनी बाह्या सरसावल्या आणि भरलं. असं भरलं, की पेंटर शिडीवर तोंड उघडं टाकून बघत राहिला.

मग काय, जन्मभर तेच चाललं. कडा पेंटरने काढायच्या, आतला रंग बाईंनी भरायचा. शाळा सुटली की बाई दुकानात यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि रेघेच्या बाहेर केसभरही न जाता अक्षर भरत बसायच्या. पेंटरला त्या पोरासारखं दटावायच्या. "पेंटर, हात धुवा आधी. नखांत बघा किती रंग." पण त्या नखांतला रंग कधी निघाला नाही. लेकीच्या लग्नातही पेंटर लाल नखांनी मिरवत होता, आणि जावयाच्या घरच्यांना वाटलं, काहीतरी लागलंय म्हाताऱ्याला.

पुढे फ्लेक्स आले. मशीनमधून तासाभरात ढीगभर पाट्या निघायला लागल्या. पेंटरने दोनचार वर्षं दात-ओठ खाल्ले, मग मुकाट्याने शटर ओढलं. दुकान म्हणजे घराचीच खालची खोली. तिथे दिवाण टाकला, झाली बैठकीची खोली. मागे स्वयंपाकघर, आणि वर अरुंद जिन्याने गेलं की झोपायची खोली आणि बाथरूम. एवढंच घर. भिंतीला भिंत लागलेलं, गल्लीतल्या बाकी घरांसारखं.

बाईंचं विसरणं सुरू झालं ते असं हळूच, की कुणी म्हणेना आजार आहे. एकदा दूध उतू गेलं. एकदा किल्ली फ्रीजमध्ये सापडली. घरात हसण्यावारी गेलं. मग एक दिवस बाई सकाळी उठून, आवरून, पिशवी घेऊन शाळेत गेल्या. निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती! नव्या शिक्षिकेने रिक्षात घालून आणून सोडलं, आणि पेंटर बाईंना घेऊन थेट डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, हे वाढतच जाणार. पेंटरने औषध विचारलं. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण त्याचा फार भरवसा धरू नका. घर ओळखीचं ठेवा, एवढं करा."

घर ओळखीचं ठेवा! हे काम पेंटरला कळण्यासारखं होतं. त्याने माळ्यावरचे जुने ब्रश काढले, टर्पेंटाइनमध्ये भिजवले आणि घराला पाट्या रंगवायला घेतल्या. थेट भिंतींवर, दारांवर. बाईंना लांबून दिसावा म्हणून लाल रंग घेतला. कडा काढल्या त्याने, आणि ब्रश दिला बाईंच्या हातात. आणि मंडळी, ज्या बाईंना आपण जेवलो की नाही ते आठवत नव्हतं, त्यांचा हात रेघेच्या बाहेर गेला नाही. 'स्वयंपाकघर' बाईंनी भरलं. 'बाथरूम वर आहे' भरलं. जिन्याच्या तोंडाशी 'जपून, कठड्याला धरा' भरलं. गॅसच्या वर 'गॅस पेंटर लावेल' असं होतं, ते भरताना त्या हसल्या. "पेंटरला चहा तरी धड येतो का?" म्हणाल्या.

सगळ्यात मोठी पाटी रस्त्याच्या दाराला, आतल्या बाजूने. पेंटर भाजीला, औषधाला बाहेर गेला की बाई दार उघडून त्याला शोधायला निघायच्या, म्हणून तिथे त्याने रंगवलं: 'बाई, थांबा. पेंटर येतोच आहे.' बाई दाराशी यायच्या, एकेका अक्षराखाली बोट ठेवून मोठ्याने वाचायच्या, आणि तिथल्याच स्टुलावर बसून राहायच्या. पेंटर पिशवी घेऊन धापा टाकत आला की म्हणायच्या, "आलात? किती वेळ, पेंटर!" हे ऐकलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

कारण त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. मध्ये छातीत कफ झाला म्हणून बाईंना हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं. तिथल्या कोऱ्या भिंतींत बाईंनी त्याला ओळखलंच नाही. "काका, तुमचं पेशंट कुठल्या वॉर्डात आहे?" असं त्यांनी नवऱ्याला विचारलं, आणि शेजारच्या खाटेवरची बाई हसली. पेंटर खाकरला आणि पाणी आणायला निघून गेला. घरी आणल्यावर बाई दाराच्या आत उभ्या राहिल्या. लाल अक्षरांवरून बोट फिरवलं, वाचलं, वळल्या आणि म्हणाल्या, "पेंटर, चहा टाका." पेंटरने स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, आणि पाण्याला उकळी फुटेपर्यंत रडून घेतलं. तेव्हापासून त्याने मनाशी गाठ मारली. अक्षरं आहेत तोवर घर आहे, आणि घर आहे तोवर आपण पेंटर आहोत. बाकी काही गेलं तरी चालेल.

आणि नेमकं तेच घर विकायची वेळ आली.

दोष कुणाचाच नाही. जिना नाही म्हटलं तरी जिनाच. बाई एकदा घसरल्या, थोडक्यात वाचल्या. पुन्हा घसरल्या तेव्हा मनगट मोडलं. लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. ती आली, प्लास्टरमधला हात बघितला आणि बापासमोर बसून रडली. "बाबा, तुमचं काही झालं तर आईकडे कोण बघणार? हे घर विकू. तळमजल्यावर जरा मोठी जागा घेऊ, सगळे एकत्र राहू. मी असेन ना." पेंटरची नजर दारावरच्या पाटीकडे गेली. तेव्हा लेकच म्हणाली, "अक्षरांचं म्हणताय ना? तिकडे गेल्यावर पहिल्या दिवशी रंगवा. सगळी भिंत तुमची." याच्यावर पेंटरने मान डोलावली. इकडची पाटी निघण्यात आणि तिकडची लागण्यात जेवढे दिवस जातील, तेवढे दिवस फक्त बाईंना सांभाळायचं होतं.

घर दाखवायला सुरुवात झाली. लोक यायचे, जिना बघायचे, अक्षरं बघायचे आणि एकमेकांकडे बघायचे. एक बाई 'बाथरूम वर आहे'पाशी थांबून कुजबुजली, "इथे कोणी आजारी आहे का हो?" तिच्या नवऱ्याने तर दाराच्या कडीलाही हात लावला नाही, जसा काही विसरण्याचा आजार कडीला चिकटून बसलाय. आली तशी मंडळी गेली. शेवटी लेकीने एजंट लावला.

एजंट गुटगुटीत, बोलका, आणि अत्तराच्या बाटलीत बुडवून काढल्यासारखा. दारातून आत आला, एका दमात सगळ्या भिंती वाचल्या आणि म्हणाला, "काका, हे घर आहे का बसस्टँड?" लेक हसली. पेंटरनेही हसून घेतलं. माणूस वाईट नव्हता, त्याचा धंदाच तो. "राग मानू नका," तो म्हणाला. "घेणाऱ्याला घरात स्वतःचं सुख दिसलं पाहिजे. तुमचं दुखणं दिसलं की गिऱ्हाईक पळालंच म्हणून समजा. हे सगळं पांढरं करा. भिंतीवरचे फोटो उतरवा. औषधं, ती काठी, ते बाथरूममधलं स्टूल, सगळं नजरेआड. आणि घर दाखवताना आजींना कुठेतरी फिरायला न्या." मग त्याने पिशवीतून फ्लेक्सचा गुंडाळा काढला. 'घर विकणे आहे.'

"हे माझ्या दाराला लागणार नाही," पेंटर म्हणाला. त्या दिवसातलं हे त्याचं पहिलं वाक्य. "पाटी मी रंगवीन." एजंटने लेकीकडे बघितलं, लेकीने मान हलवली. पाटी पेंटरची, भिंती एजंटच्या, असा तह झाला.

आता लाल रंगाची एक खोड असते. त्याच्यावर नुसता पांढरा मारला तर तो आतून फुटून वर येतो. आज भिंत पांढरी दिसते, महिन्याभरात गुलाबी होते आणि अक्षर पुन्हा वाचता येतं. त्यावर उपाय म्हणजे आधी लाखेचा एक हात द्यायचा, मग पांढऱ्याचे हात चढवायचे. पेंटर लोक लेपाला हातच म्हणतात. दुसरा कुणी रंगारी असता तर त्याने लाखेला फाटा दिला असता. चार पैसेही वाचले असते. पण याने आयुष्यात कुणाचं काम हात राखून केलं नव्हतं, ते स्वतःच्या घराला कसं करणार? पॉलिश पेपरने घासलं, लाख दिली, वाळू दिली. पुढे कितीतरी वेळा त्याच्या मनात आलं, की आपण जरा वाईट पेंटर असतो तर किती बरं झालं असतं.

पांढरा लावायला घेतला आणि बाई जिन्यावरून खाली आल्या. हाताचं प्लास्टर निघालं होतं. "कुणाचं काम घेतलंय?" त्यांनी विचारलं. पेंटर खाकरला. "आहे एक गिऱ्हाईक." बाई ओळखून हसल्या. "पैसे बुडवणारं दिसतंय," म्हणाल्या, स्टूल ओढलं, ब्रश उचलला आणि 'स्वयंपाकघर' भरायला बसल्या. पांढऱ्या रंगाने. लाल अक्षराच्या आत, रेघेच्या बाहेर जराही न जाता. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अक्षर दिसलं की भरायचं, एवढं त्या हाताला माहीत होतं. पेंटर ब्रश हातात धरून बघत उभा राहिला. आपली बायको आपल्याच घराच्या खुणा इतक्या निगुतीने पुसतेय हे त्याला दिसत होतं, आणि तरी त्याच्या तोंडून शब्द फुटला तो असा, की "छान भरताय, बाई."

"मग!" बाई म्हणाल्या. "घाई करत नाही मी तुमच्यासारखी."

त्यांनी सगळी अक्षरं भरली. मग पेंटरने रोलर घेऊन भिंती सरसकट पांढऱ्या केल्या. रस्त्याच्या दाराची पाटी मात्र त्याने बाई झोपल्यावर दुपारी स्वतःच्या हाताने झाकली. तिथे बाईंचा हात लागलेला त्याला बघवला नसता.

मग एजंटची माणसं आली. दिवाण गेला, सोफा आला. खिडकीत खोट्या फुलांच्या कुंड्या आल्या. फोटो लेकीने चादरीत गुंडाळून नेले, औषधं बुटांच्या खोक्यात घालून जिन्याखाली सरकवली. टेबलावर काचेच्या भांड्यात लालचुटुक सफरचंदं ठेवली, प्लास्टिकची. दुसऱ्याच दिवशी बाईंनी त्यातलं एक चावून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. एजंटने दातांची खूण असलेली बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली. "आजी, गिऱ्हाइकाचा घास काढताय होय?" म्हणाला.

घर दिसायला झकास झालं, यात वादच नाही. पण बाई त्या घरात पाहुण्यासारख्या कोपरा धरून बसायला लागल्या. भिंतीवरून हात फिरवायच्या, काही लागत नाही म्हणून दुसऱ्या भिंतीकडे जायच्या. बाथरूम शोधता शोधता स्वयंपाकघरात पोचायच्या, आणि मग फरशी पुसताना पेंटर म्हणायचा, "काही नाही हो बाई, पाणी सांडलं." आता पाट्यांचं काम त्याने तोंडाने सुरू केलं होतं. "बाई, इकडे. बाई, जपून. बाई, मी इथेच आहे." दिवसभर बोलून घसा बसायचा. सकाळी जाग आली की डोळे न उघडता पडून राहायचा, बाई काय हाक मारतात त्याच्या धाकाने. "पेंटर" असं कानावर आलं की मग उठायचा. अजून येत होतं. गिऱ्हाईक लवकर मिळू दे, एवढंच तो घोकत होता. तिकडच्या भिंतींसाठी लाल रंगाचा डबा आणून त्याने जिन्याखाली, औषधांच्या खोक्याशेजारी ठेवलासुद्धा.

दाराबाहेर लावायची पाटी त्याने सगळ्यात शेवटी रंगवली. 'घर विकणे आहे. बघायला या.' कडाही त्याच्या, भरणीही त्याचीच. ही पाटी बाईंना भरायला द्यायची त्याची छाती झाली नाही.

एजंट म्हणाला, उद्या जोडपं येतंय, नवीन लग्न झालेलं, पसंत पडलं तर लगेच घेणारं. येताना तो पेंटरसाठी इस्त्रीचा शर्ट घेऊन आला, आणि त्याची नजर पेंटरच्या नखांवर गेली. "काका, हे तेवढं काढा. लोक घाबरतात." पेंटरने टर्पेंटाइनमध्ये फडकं भिजवलं आणि एकेक नख घासलं. जे लेकीच्या लग्नाला झालं नाही ते घराच्या विक्रीला झालं. नखं निघाली गोरीपान, कुणा कारकुनाची असावीत तशी.

सकाळी बाईंनी डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि विचारलं, "पेंटर, आपण कुणाकडे उतरलोय?" पेंटरने त्यातलं 'पेंटर' तेवढं घेतलं आणि बाकीचं सोडून दिलं. लेक आली, आईला ठेवणीतले कपडे घातले, केस विंचरले आणि बागेत घेऊन गेली. थोड्या वेळाने जोडपं आलं. मुलगी चुणचुणीत, मुलगा भिंतींवर टिचक्या मारून बघणारा. एजंट पुढे, ती दोघं मागे, पेंटर कोपऱ्यात इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला. एजंटने त्याला बजावलं होतं, तुम्ही फक्त हसा. तुमचं खाकरणं मला परवडणार नाही.

एवढ्यात उघड्या दारातून आवाज आला. कुणीतरी पाटी मोठ्याने वाचत होतं. "घर... विकणे... आहे. बघायला... या." पेंटरने आवाज ओळखला. बागेत लेकीचा फोन वाजला होता, ती जरा वळली, आणि बाई पायांच्या सवयीने आपल्या गल्लीत, आपल्या दाराशी आल्या होत्या. पण दारावर पाटी होती, आणि बाईंनी पाटीचं कधी न ऐकल्याचं आठवत नाही. त्या चपला काढून आत आल्या.

"बघायला या लिहिलंय, म्हणून आले," त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. "पाटी कुणी केली हो? अक्षर आमच्या पेंटरचं वाटतंय. भरलंय मात्र घाईत."

पेंटरने एजंटकडे बघितलं. एजंट म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. तो क्षणभर चपापला आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तरुणाने हळूच विचारलं, "यासुद्धा घर बघायला आल्यात?" "हो ना," एजंट म्हणाला, "आज चौकशा फार आहेत. या मावशी, या, बघून घ्या." पेंटरने तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार होता? सांगितलं असतं, तर पांढऱ्या भिंतींच्या आत काय होतं तेच सांगावं लागलं असतं.

आणि बाईंनी घर बघितलं. अहो, काय बघितलं! खिडकी उघडून वारा घेतला. स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हात फिरवला. "उंची बरोबर आहे," म्हणाल्या. असणारच, ओटा त्यांच्याच मापाने बांधला होता. जिन्याचा कठडा धरून बघितला. "जिना तेवढा जपून," त्या मुलीला म्हणाल्या. "पण घर गुणाचं आहे. इथे भांडण होणार नाही बघा." मुलीने नवऱ्याचा हात दाबला. त्यांना आता भीती वाटली, की ही म्हातारी घर पळवते की काय.

दारात लेक येऊन उभी राहिली होती, धापा टाकत. सगळं तिच्या लक्षात आलं. पेंटरने तिला डोळ्यांनीच थांबवलं. ती तोंडावर हात धरून तिथेच थांबली.

फिरत फिरत बाई पेंटरसमोर आल्या. त्याच्याकडे सरळ बघितलं, सभ्यपणे, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. "मालक तुम्ही का? एवढं चांगलं घर विकताय कशाला?"

एजंटला आणि लेकीला वाटलं, आता म्हातारा खाकरणार. पेंटर खाकरला नाही.

"बायको आजारी असते," तो म्हणाला.

"अरेरे," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखरच उतरला. त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "काळजी घ्या तिची. एकटं सोडू नका. आजारी माणूस फार घाबरतं हो." थोडं थांबून म्हणाल्या, "मला पसंत आहे घर. पण आमच्या पेंटरला दाखवल्याशिवाय मी काही ठरवणार नाही."

त्या जोडप्याने तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. एजंट त्यांना घेऊन कागदांचं बोलायला गेला, आणि जाता जाता पेंटरच्या कानाशी म्हणाला, "काका, आजींनी कमाल केली!" घर विकलं गेलं होतं. जे पाहिजे होतं तेच, आणि पाहिजे होतं तितक्या लवकर. लेक स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली, आपलं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

बाई मात्र रस्त्याच्या दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसल्या. ते स्टूल कुणी हलवलं नव्हतं. एजंटला ते जुनं म्हणून शोभेचं वाटलं होतं. उन्हं कलली तरी बाई उठेनात. लेकीने समजावलं, जेवायला बोलावलं. बाई म्हणाल्या, "नको. माझे मिस्टर यायचेत."

पेंटर त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "बाई," तो म्हणाला, "मी पेंटर. बघा तरी माझ्याकडे."

बाईंनी बघितलं. वाईट वाटलं त्यांना, दिसत होतं. म्हाताऱ्याची चेष्टा करू नये म्हणून त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, पोरांचे हात तपासायच्या तसे उलटे-सुलटे केले आणि नखं बघितली.

"नाही हो," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "आमच्या पेंटरच्या नखांत रंग असतो. कितीही सांगा, निघतच नाही."

पेंटर आपल्या हातांकडे बघत राहिला. जिन्याखाली लाल रंगाचा डबा होता. उठावं, झाकण उचकटावं आणि दोन्ही हात आत बुडवावेत, असं त्याला वाटलं. पण हात अजून बाईंच्या हातात होते. बाईंनी त्याचे हात सोडले आणि दाराकडे वळल्या. दार पांढरंशुभ्र होतं. लाल कुठेही फुटला नव्हता, फुटणारही नव्हता. त्या कोऱ्या दारावर बाईंनी बोट टेकवलं आणि एकेक शब्द लावत, वर्गात वाचायच्या तशा मोठ्याने म्हणाल्या, "बाई... थांबा. पेंटर... येतोच आहे."

मग मागे वळून त्याला म्हणाल्या, "बघा, लिहिलंय ना? बसा तुम्हीही. भेट होईल."

पेंटर त्यांच्या शेजारी फरशीवर बसला, आणि दोघं मिळून पेंटरची वाट बघू लागले.